बेअरिंगचा नंबर आणि ग्राफिक्स कार्ड : अंबडमधून पाहिलेला असेम्बल्ड कॉम्प्युटरचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हापासून दोन तऱ्हेची माणसं आम्हाला भेटताहेत. पहिली म्हणजे मुलं. त्यांचा प्रश्न सरळ आहे : "चाळीस हजारांत गेमिंग पीसी बसवायचाय, काय काय घेऊ?" दुसरे त्यांचे आईवडील. त्यांचा प्रश्न त्याहून सरळ : "हे कशाला हवंय?"

इतिहासाच्या व्याख्यानात हे प्रश्न कुठून आले, असं काहींना वाटेल. आमचं म्हणणं असं आहे की चाळीस हजारांत काय येईल हे दुकानदार एकटा ठरवत नाही. त्यातलं बरंचसं १९८१ साली अमेरिकेत ठरलं, थोडं १९८४ला दिल्लीत, थोडं १९९६ला सिंगापुरात, आणि उरलेलं अजून ठरतंच आहे. तो हिशेब समजला तर पार्ट निवडणं सोपं होतं. आणि अंबडच्या माणसाला तो समजायला फार वेळ लागू नये. का, ते सांगतो.

६२०३

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, १ ऑगस्ट १९६२ला स्थापन झाली. नाशकात आधी सातपूरची वसाहत उभी राहिली, मग अंबडची. कामगारांच्या घरांसाठी शेजारी सिडको आली. मोठे कारखाने आले आणि त्यांच्या भोवती शेकडो छोटे गाळे आले. एका गाळ्यात दोन लेथ, दुसऱ्यात प्रेस, तिसऱ्यात प्लेटिंग.

आता बघा, मोठा कारखाना सगळं स्वतः बनवत नाही. तो ड्रॉइंग देतो. त्या ड्रॉइंगवर माप असतं, टॉलरन्स असतो. एका व्हेंडरकडून शाफ्ट येतो, दुसऱ्याकडून बुश येतं, आणि ज्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही अशा दोघांनी केलेले दोन जॉब एकमेकांत बरोब्बर बसतात.

मोटरचं बेअरिंग गेलं तर आपण काय करतो? मोटर कोणत्या कंपनीची, हे दुकानात सांगत बसत नाही. "६२०३ द्या" म्हणतो. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. नाशकात घ्या, जर्मनीत घ्या, माप तेच. दर्जा कमी-जास्त असेल, किंमत कमी-जास्त असेल, पण बसणार हे नक्की. म्हणून तर घेणाऱ्याच्या हातात निवड राहते. चार दुकानं फिरता येतात, घासाघीस करता येते, आज साधं घालून पुढच्या वर्षी चांगलं घालता येतं.

हे लक्षात ठेवा. असेम्बल्ड कॉम्प्युटरचा इतिहास म्हणजे कॉम्प्युटरच्या पार्टला असा नंबर कसा मिळाला याचा इतिहास आहे.

ड्रॉइंग उघड झालं

पूर्वी कॉम्प्युटर अख्खा एकाच कंपनीचा असायचा. यंत्र तिचं, पार्ट तिचे, दुरुस्तीचा माणूसही तिचाच. आयबीएम ही त्यातली सगळ्यात मोठी कंपनी. भारतातही ती होती. परकीय भागभांडवलाच्या नियमांवरून सरकारशी जुळलं नाही आणि १९७८ला तिने इथला कारभार गुंडाळला.

त्याच आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ला आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. घाई होती, म्हणून त्यांनी नेहमीची पद्धत सोडली आणि बाहेरचे पार्ट घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. इतकंच नव्हे, तर सर्किटच्या आकृत्यांसकट तांत्रिक पुस्तक छापून विकलं. म्हणजे ड्रॉइंग बाहेर आलं.

एक गोष्ट मात्र कॉपीराइटखाली होती : बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना पहिल्यांदा चालणारा छोटा प्रोग्राम. कॉम्पॅक या कंपनीने आयबीएमची नक्कल न करता तसंच काम करणारा बायोस स्वतः लिहून घेतला आणि १९८२च्या शेवटी आपलं मशीन जाहीर केलं. १९८४मध्ये फिनिक्स नावाच्या कंपनीने असा बायोस मागेल त्याला विकायला सुरुवात केली. मग काय, तैवानमधल्या कारखान्यांनी मदरबोर्ड काढले, कार्डं काढली. पार्ट बेअरिंगसारखे झाले.

शेवटचा खिळा १९९५ला बसला. इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं. बोर्ड केवढा, स्क्रूची भोकं कुठे, वीजपुरवठ्याचा प्लग कसा. आज तुम्ही दुकानातून जे कॅबिनेट आणता त्याची भोकं त्याच मापाने पाडलेली असतात. मधल्या तीस वर्षांत प्रोसेसर ओळखू येणार नाही इतका बदलला, भोकं तीच राहिली.

सकाळची पंचवटी

ड्रॉइंग उघड झालं तरी माल आपल्यापर्यंत यायला वेळ लागला. नोव्हेंबर १९८४ला राजीव गांधी सरकारने नवं कॉम्प्युटर धोरण जाहीर केलं, आयातीचे नियम सैल केले. तरी आयात शुल्क भारी होतं. १९९१ला उदारीकरण आलं, पण त्याच जुलैत रुपयाचं अवमूल्यनही झालं. म्हणजे एका हाताने दार उघडलं आणि दुसऱ्या हाताने वस्तू महाग झाली. मोठा फरक पडला तो डिसेंबर १९९६मध्ये सिंगापूरला झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेनंतर. तिथे माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरचं शुल्क शून्यावर आणायचा करार ठरला. १९९७ला भारत त्यात सामील झाला आणि २००५पर्यंत कॉम्प्युटर व त्याच्या पार्टवरचं मूळ सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं.

या काळात नाशिकच्या माणसाने पार्ट कुठून आणले? मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते तिथे कुणाला विचारू नका. सकाळची पंचवटी पकडायची, दादरला उतरून पश्चिमेची लोकल घ्यायची, ग्रँट रोडला उतरायचं. दिवसभर भाव विचारत हिंडायचं आणि संध्याकाळी मदरबोर्डचा खोका मांडीवर घेऊन परत यायचं. वर कुणी ठेवू दिला तरी ठेवायचा नाही.

त्या वेळी "कुठल्या कंपनीचा कॉम्प्युटर?" या प्रश्नाला "असेम्बल आहे" हे उत्तर जरा खालच्या आवाजात दिलं जायचं. ब्रँडेड म्हणजे प्रतिष्ठा. पण घराघरांत जो पोचला तो असेम्बल्डच. २००१ला एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी निघाले, आणि कॉम्प्युटर घ्यायला घरात एक भक्कम कारण मिळालं. दिवाळीच्या बोनसमधून मशीन आलं ते "अभ्यासासाठी." रात्री त्यावर काय चालायचं, हे इथे बसलेल्या चाळिशीच्या मंडळींना आम्ही सांगायला नको.

चिंचोळा गळा

आता निवडीकडे येऊ. इतिहासातून तीन उदाहरणं घेतो.

पहिलं, १९९६चं. बाजारात इंटेलचा पेंटियम महाग होता. सायरिक्स कंपनीचा ६क्स८६ त्याहून स्वस्त होता आणि टायपिंग, हिशेब अशा कामांत तितकाच चपळ. घेणाऱ्याला वाटलं, जिंकलो. त्याच वर्षी क्वेक हा खेळ आला. तो दशांशांची गणितं पेंटियमच्या पद्धतीने भराभर करण्यावर बेतलेला होता आणि सायरिक्स नेमका त्यातच कच्चा. ऑफिसात पळणारा प्रोसेसर क्वेकमध्ये धापा टाकू लागला. पार्ट वाईट नव्हता, कामाला चुकीचा होता. लाकडाचा ड्रिल लोखंडाला लावल्यासारखं.

दुसरं, ऑगस्ट १९९८चं. इंटेलने एकाच सुमारास दोन प्रोसेसर आणले. पेंटियम टू ४५० मेगाहर्ट्झचा, घाऊक किंमत ६६९ डॉलर. आणि सेलेरॉन ३००ए, घाऊक किंमत १४९ डॉलर. हौशी मुलांनी शोधून काढलं की सेलेरॉनला बोर्डवरून ६६ऐवजी १०० मेगाहर्ट्झची चाल दिली तर बरेचसे नग ४५०वर बिनतक्रार पळतात, आणि खेळांत मोठ्या भावाच्या जवळपास पोचतात. वाचलेले पैसे कुठे गेले? ग्राफिक्स कार्डात. १९९६ला थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्ड आलेलं होतं, १९९९ला एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं. चित्र काढायचं काम प्रोसेसरकडून कार्डाकडे गेलं, आणि गेमिंगच्या बजेटचा गुरुत्वमध्य तेव्हापासून कार्डावर आहे.

तिसरं, फेब्रुवारी २०१८चं. त्या हिवाळ्यात इथेरियमसारख्या आभासी चलनाचं मायनिंग करणारे लोक ग्राफिक्स कार्डं घाऊक उचलत होते. मध्यम कार्डाचे भाव छापील किमतीच्या कितीतरी वर. तेव्हा एएमडीने रायझन ३ २२००जी हा प्रोसेसर काढला, जाहीर किंमत ९९ डॉलर. त्याच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स होतं. वेगळं कार्ड न घेता साधे खेळ चालू लागले. ज्यांनी तेव्हा तो घेतला आणि कार्ड नंतर बसवलं, त्यांचा हिशेब बरोबर ठरला.

तिन्ही गोष्टींत सूत्र एकच आहे. कमी बजेटचा माणूस सगळ्यात उत्तम पार्ट शोधत नाही. या घडीला, या खेळासाठी, पाणी कुठे अडतंय ते शोधतो. पाइपलाइनमध्ये एक गळा चिंचोळा असेल तर बाकीचा पाइप चार इंची घालून काय उपयोग? आणि हा गळा दर काही वर्षांनी जागा बदलतो.

कारखान्याचा चिप आणि पोराचा चिप

गळा जागा का बदलतो? कारण भाव खेळणाऱ्यांच्या हातात नसतो.

जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा २० इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के कर होता आणि त्याहून मोठ्यावर २८. एक इंच वाढला की दहा टक्के. १ जानेवारी २०१९पासून ३२ इंचांपर्यंतचे मॉनिटर १८ टक्क्यांत आले. त्याआधी घेतलेला आणि नंतर घेतलेला, दोघांची अक्कल सारखीच, खर्च वेगळा.

मग आला करोना. २०२०-२१ला जगभर चिप मिळेना. कार्डं गायब, वर पुन्हा मायनिंगची लाट. सिडकोतलं पोरगं वर्षभर भाव बघत बसलं. त्याच टंचाईमुळे महिंद्र अँड महिंद्रने सप्टेंबर २०२१मध्ये आपल्या वाहन विभागाच्या कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद राहील असं जाहीर केलं. महिंद्राच्या गाड्यांचे पार्ट करणाऱ्या गाळ्यांना असे दिवस म्हणजे काय, हे इथे वेगळं सांगायला नको. आम्ही हे मुद्दाम शेजारी शेजारी ठेवतो. वडिलांचं काम ज्या कारणाने थांबतं, त्याच कारणाने मुलाचं कार्ड महागतं. त्या घरात "जग कुठे चाललंय" हा प्रश्न फार लांबचा नव्हता.

१५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचं मायनिंग एका दिवसात निरुपयोगी झालं, आणि वापरलेली कार्डं बाजारात ढिगाने आली. पुढे २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की रॅमचे भाव भडकले. म्हणून आम्ही तुम्हाला "हेच मॉडेल घ्या" अशी यादी देत नाही. ती सहा महिन्यांत शिळी होते. क्रम देतो.

प्लेट वाचलीस का?

त्याआधी एक आमच्या घरचा किस्सा. एकदा मशीन बसवताना आम्ही सगळं नीट निवडलं आणि शेवटी दीड-दोन हजार कमी पडले. तेव्हा कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस तसाच ठेवला. वर मोठ्या अक्षरात ५०० वॉट लिहिलेलं होतं. चार महिने चाललं. एका संध्याकाळी खेळ ऐन रंगात असताना फट्ट आवाज आला, जळका वास आला. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला.

शेजारचे काका मोटर वाइंडिंगचं काम करायचे. त्यांनी तो एसएमपीएस उलटा करून बारीक अक्षरांचा तक्ता वाचला आणि म्हणाले, "मोटर घेताना प्लेट वाचता ना? मग याची का नाही वाचली?"

तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत १६ अँपिअर लिहिलेलं होतं. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. आमचं कार्ड एकटं १२० वॉट मागत होतं, प्रोसेसर त्याच्या वर. म्हणजे ५०० हा आकडा दाखवायचा होता, खरा १९२, तोही कागदावरचा. पैसे कमी पडले की कात्री नेहमी जो पार्ट दिसत नाही त्याला लागते. स्क्रीन दिसते, कार्ड दिसतं, दिवे दिसतात. एसएमपीएस दिसत नाही. २००५नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत, वीज येत-जात असताना, या एका कंजूषपणाने किती घरांतली मशीन गेली असतील!

मग क्रम कसा लावायचा

पहिलं, खेळ आणि स्क्रीन ठरवा. व्हॅलोरंट, काऊंटर-स्ट्राइक यांसारखे खेळ खेळायचे असतील तर मध्यम मशीन पुरतं. नवे मोठे, गोष्टीचे खेळ हवे असतील तर कार्डावर जास्त जाणार. साधी १९२० बाय १०८०ची स्क्रीन बजेटला योग्य. त्याहून मोठी घेतली की कार्डाचं काम वाढलं.

दुसरं, ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर सोडून उरलेल्या शंभर रुपयांतले पस्तीस ते चाळीस इथे जाऊ द्या. जुनं कार्ड घेणार असाल तर चालू मशीनवर, खेळ लावून, अर्धा तास बघून घ्या. पंखा फिरवून बघणं म्हणजे तपासणी नव्हे.

तिसरं, प्रोसेसर. सहा कोरचा साधा प्रोसेसर कमी बजेटला भरपूर झाला. महागडा प्रोसेसर आणि कमजोर कार्ड ही जोडी दुकानात फार विकली जाते. खेळणाऱ्याला ती उपयोगाची नाही.

चौथं, मदरबोर्ड. यात भविष्य बघा. एएमडीच्या एएम४ सॉकेटचं उदाहरण घ्या. २०१७ला ज्याने बोर्ड घेतला त्याला २०२२मध्ये, बायोस अद्ययावत करून, तीन पिढ्या पुढचा प्रोसेसर त्याच बोर्डवर बसवता आला. असा वारसा ज्या सॉकेटला आहे तो घ्या.

पाचवं, रॅम. एकच १६ जीबीची पट्टी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या. दोन रस्त्यांनी माल आला की गाळ्यात गर्दी होत नाही. ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातलं असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो.

सहावं, एसएसडी. छोटी चालेल, पण हार्ड डिस्कवर विंडोज चालवू नका.

आणि सातवं, जे खरं तर कार्डाच्या बरोबरीने ठरवायचं, तो एसएमपीएस. १२ व्होल्टचे अँपिअर वाचा, गुणाकार करा, प्रोसेसर आणि कार्डाच्या बेरजेपेक्षा निदान दीडपट असू द्या. पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्या. घरातलं अर्थिंग तपासून घ्या. दिव्यांचं कॅबिनेट शेवटी, पैसे उरले तर.

नाही पुरले पैसे? मग कार्ड सोडा, एसएमपीएस सोडू नका. पोटात ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या, एसएमपीएस मात्र पुढच्या कार्डाला पुरेल असा घ्या आणि कार्ड पुढच्या दिवाळीला बसवा. ही सोय आपल्याला १९८१पासूनच्या त्या उघड ड्रॉइंगने दिलेली आहे, ती वापरा.

एक सावधगिरी. ऑफिसातून निघालेली मोठ्या ब्रँडची जुनी मशीन स्वस्त मिळतात. काहींत एसएमपीएसचा आकार आणि प्लग त्या कंपनीचा स्वतःचा असतो. तिथे ६२०३ चालत नाही. अशा मशीनला स्लॉटमधूनच ७५ वॉटवर भागणारं कार्ड लागतं, जसं २०१६चं जीटीएक्स १०५० टीआय. घेण्याआधी झाकण उघडून बघा.

आईवडिलांच्या प्रश्नाकडे

"हे कशाला हवंय?" या प्रश्नाची आम्ही टिंगल करणार नाही. चाळीस हजार म्हणजे कित्येक घरांत दोन महिन्यांचा पगार आहे. रात्रभर खेळून सकाळी कॉलेज बुडवणारी मुलंही आम्ही पाहिली आहेत. त्याचे नियम घरात ठरवावे लागतात, त्याला इतिहास मदत करत नाही.

पण एवढं सांगतो. हल्ली अनेक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डला जोडूनच येते. ती बदलता येत नाही, वाढवता येत नाही. कॉम्प्युटर पुन्हा एकाच कंपनीचा अख्खा डबा होत चाललाय, जसा १९८१च्या आधी होता. अशा काळात एखादी मुलगी किंवा मुलगा स्वतः तक्ता वाचून, गुणाकार करून, सहा दुकानांतले सात पार्ट आणून एक यंत्र सुरू करतो, तेव्हा तो या वसाहतीत तुम्ही आयुष्यभर जे केलंत तेच करत असतो. त्याच कार्डावर उद्या तो डिझाइनचं सॉफ्टवेअरही चालवू शकतो. पैसे देणार असाल तर एक अट घाला : यादी त्यानेच करायची, आणि प्रत्येक पार्ट का घेतला ते जेवताना तुम्हाला समजावून सांगायचं. एसएमपीएसचे अँपिअर त्याला सांगता आले तर खुशाल द्या पैसे.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी एसएमपीएसच्या तक्त्याचा फोटो आणलाय त्यांनी पुढे या, गुणाकार इथेच करू.